दोरीवरची वाव

पुणे
८ सप्टेंबर २००३

ती. दिनकरकाका आणि काकू,

वाकून नमस्कार, आणि इतक्या महिन्यांनी लिहितोय म्हणून आणखी एक.

काकांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही असं काकू म्हणाली, म्हणून पत्र लिहितोय. सोबत तीन चित्रं आहेत. ती कशासाठी ते आधी सांगतो.

मी, सोहम आणि निरुपमा असे तिघं गेली तीन वर्षं नोकऱ्या सांभाळून एक कॉम्प्युटर गेम बनवतोय. त्यात गोळीबार नाही, गाड्यांची शर्यत नाही. एक मुलगी आहे. तिचा भाऊ पाणी आणायला वावेत, त्या पायऱ्यांच्या विहिरीत, उतरला तो परत आलाच नाही, म्हणून ती एकेक मजला खाली जात त्याला शोधते. खेळणाऱ्याने प्रत्येक मजल्यावर हुडकायचं, विचारायचं, वस्तू जुळवायच्या आणि खालची वाट उघडायची. नाव ठेवलंय 'वाव'. सुट्टीत तुम्ही मला स्कूटरवरून सेवासीची वाव दाखवायला नेलं होतं, त्या पायऱ्या तेव्हापासून डोक्यात होत्या.

गेम तयार आहे. अडलंय ते खोक्यावरच्या चित्रापाशी. मुंबईचे वितरक म्हणतात, दुकानात माल चित्रावर खपतो. पहिलं चित्र त्यांनी त्यांच्या माणसाकडून करून घेतलंय: तलवारवाला पुरुष आणि मागे आग. आमच्या गेममध्ये तलवार नाही आणि आग तर मुळीच नाही, सगळं पाणी आहे. दुसरं आणि तिसरं निरुपमाचं. सोहम म्हणतो, लाव ती आग आणि सुटू दे. थकलाय तो. मीही थकलोय, काका. रोज ऑफिसातून येऊन ही चित्रं बघतो आणि आता मला तिन्ही सारखीच वाटायला लागली आहेत.

तुम्ही मकरपुऱ्याच्या कारखान्यातली लेबलं घरी आणून स्वयंपाकघरातल्या दोरीवर चिमट्याने उलटी टांगायचात. टॉनिकची बाटली, अगरबत्ती, कपड्यांची पावडर, सगळ्यांचं डोकं खाली. उलटं असताना जे तोल सांभाळतं तेच सरळ उभं राहतं, असं तुमचं म्हणणं. मग जेवणं व्हायची, दुपारची झोप व्हायची, आणि पसंत पडलं की तुम्ही स्वतः उठून ते सरळ लावायचात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी एकदा लावला तर त्या दिवशी माझा आमरस बंद झाला होता. आणि कुणी काही काढत बसलं की मागे उभं राहून तुमचं ते "झालं का?"

ही तीन त्या दोरीवर टांगा आणि काय दिसतं ते स्पष्ट कळवा. काका सांगतील तेच लावायचं, असं आमच्या तिघांचं ठरलंय.

तुमचा,
आशय

⁂

कारेलीबाग, बडोदे
१९ सप्टेंबर २००३

चि. आशय,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहीत नाही.

तुझं पाकीट मिळालं. ह्यांच्या हाताला त्या आजारपणानंतर अजून जरा कमजोरी आहे, म्हणून मी लिहिते. बाकी ठीक. दोरीवर आता लेबलं नसतात, पुसायची फडकी असतात. ती काढून तुझ्या चित्रांना जागा केली. शेजारच्या विमलबेन मेथी निवडायला आल्या होत्या, त्यांनी मान वाकडी करकरून पाहिलं आणि माझ्या डोक्यावर परिणाम झालाय का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

आता हे काय म्हणतात ते ऐक.

आगीचं चित्र उलटं लावलं तरी काहीच बिघडलं नाही. आग होती तिथे दाढी दिसायला लागली, एवढंच. हे म्हणतात, ज्याला उलटं केल्याने फरक पडत नाही त्याला सरळ केल्यानेही पडत नाही. शिवाय तो पुरुष कुणाकडे बघतोय तेच कळत नाही. रागावलाय, पण कुणावर?

तिसरं, ते मोठा चेहरा आणि डोळ्यांत विहीर असलेलं, सुबक आहे. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीवर शोभेल. निरुपमाला हे सांगताना जरा बेताने सांग.

दुसरं मात्र दोरीवर टिकलं. वरून पाहिलेल्या पायऱ्या, खाली काळोख आणि त्यात इवलीशी मुलगी कंदील घेऊन. उलटं असतानाही नजर तिच्यापाशीच जाते. पण ती मुलगी चुकली आहे. ती उतरत नाही, फिरायला निघाली आहे. ओल्या पायऱ्या उतरणारं माणूस असं पुढे झुकत नाही. भार मागच्या पायावर ठेवतं, तो गुडघा वाकतो, आणि पुढचा पाय चाचपडत खाली जातो. तिचा एक हात मोकळा का सोडलाय? तो भिंतीला हवा, पंजा पूर्ण टेकलेला. आणि कंदील तोंडासमोर धरला की स्वतःलाच दिपतं, पायरी दिसत नाही. तो खाली, पायाशी.

तेव्हा तिन्हींपैकी अजून एकही सरळ झालेलं नाही. मुलगी नीट उतरवा आणि पुन्हा पाठवा.

ह्यांचं "झालं का?" चालू आहेच. ती सवय काही गेली नाही.

तुझी,
काकू

⁂

पुणे
३० सप्टेंबर २००३

ती. काका, काकू,

तुमचं पत्र आम्ही तिघांनी चहाच्या टपरीवर उभ्याने वाचलं. दाढीपाशी सोहम इतका हसला की चहा सांडला. किती दिवसांनी हसला तो. निरुपमाने थेंबांच्या बाटलीवर तोंड वाकडं केलं, पण रात्री तिचा फोन आला की मुलगी खरंच चुकली आहे. मग ती आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दिवे बंद करून मला वरखाली करायला लावून स्केचेस काढत बसली. माझी मांडी भरून आली आहे.

नवं चित्र सोबत आहे. हात भिंतीला, कंदील पायाशी. मला वाटतं आता उतरते आहे ती.

वितरक मात्र ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, तुमचे काका जुन्या काळातले, आताच्या पोरांना काय लागतं ते त्यांना कसं कळणार. मी म्हटलं, लेबलांत आयुष्य काढलंय त्या माणसाने. काका, एक विनंती. तुमच्या हातच्या दोन ओळी पाठवाल का? वाकड्यातिकड्या आल्या तरी चालेल. त्यांच्या टेबलावर ठेवतो. आमच्या चित्राचं आणि त्यांच्या आगीचं अशी दोन नमुन्याची खोकीही बनवून पाठवतोय, शेजारी ठेवून बघा.

आणि चित्र सरळ झालं की लगेच कळवा.

आशय

⁂

कारेलीबाग, बडोदे
९ ऑक्टोबर २००३

चि. आशय,

दसरा झाला. नवरात्रभर सोसायटीतल्या लाउडस्पीकरने जीव नको केला होता, आता कानाला शांतता टोचते आहे.

ह्यांचा चष्मा बदलायचा आहे, अक्षर दिसत नाही, तेव्हा दोन ओळींचं राहू दे. त्याऐवजी दुसरं काम केलं, ते त्या वितरकांना सांग. हे कारखान्यात असताना नवं लेबल किराण्याच्या दुकानात इतर मालात ठेवून यायचे आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. ह्यांना आता तेवढं उभं राहवत नाही, म्हणून मी गेले. विमलबेनना घरात बसवलं आणि रिक्षाने सयाजीगंजला गेले, स्टेशनकडच्या एका सीडीच्या दुकानात. कॉलेजची मुलं तिथे भरपूर. दुकानदार भला माणूस निघाला, त्याने दोन्ही खोकी मांडणीवर ठेवू दिली. 'वाव' हातात घेऊन फक्त एवढंच म्हणाला, "बेन, आमां हीरो क्यां छे?" ह्यात हीरो कुठे आहे म्हणून.

मी एका स्टुलावर बसून राहिले. मुलं आगीचं खोकं बघत नव्हती असं नाही, पण बघून पुढे जात होती. त्या मांडणीवर आग लागलेली आणखी किती खोकी होती म्हणून सांगू. आपलं आगीचं खोकं त्यात कुठे गेलं ते मलाच सापडेना. मग एक मुलगी आली, पाठीला सॅक. तिने वाव उचललं, डोळ्यांजवळ नेलं, कारण तो एवढासा ठिपका काय आहे ते तिला लांबून कळेना. आणि कळल्यावर तिने काय केलं माहीत आहे? स्वतःचा पंजा दुकानाच्या भिंतीला टेकवून बघितला. तिचं तिलाही कळलं नसावं.

मला त्या स्टुलावरून उठावंसं वाटेना. घरी यायला उशीर झाला, विमलबेन रागावल्या.

हे म्हणतात, हेच लावा. एवढंच करा, नाव वर घालू नका. वर घातलं की ते झाकणासारखं दिसतं. खाली पाण्यात घाला.

चित्र अजून उलटंच आहे. ह्यांच्या कलाने घ्यावं लागतं. पण तू खोळंबू नकोस.

काकू

⁂

पुणे
३ नोव्हेंबर २००३

ती. काका, काकू,

दिवाळी संपली आणि आमची झाली. वितरकांनी मान्य केलं. दुकानातल्या त्या मुलीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी स्वतःचा हात टेबलावर टेकवून पाहिला. नाव पाण्यात गेल्यावर निरुपमा म्हणाली, हे आपल्याला का सुचलं नाही?

आता दोन गोष्टी. खोकं पंधरवड्यात छपाईला जातंय. मागच्या बाजूला आमच्या तिघांच्या नावांवर एक ओळ घालतोय: 'मुखपृष्ठ दिनकर फणसे यांच्या नजरेखालून.' काका, नाही म्हणू नका. आयुष्यभर तुम्ही लेबलं केलीत आणि एकावरही तुमचं नाव नाही, हे मला नेहमी खुपतं.

दुसरं म्हणजे, संक्रांतीला, तुमच्या उत्तरायणाला, मी आणि निरुपमा बडोद्याला येतोय. काकांच्या हातात खोकं द्यायचंय आणि ते सरळ लावताना बघायचंय. तिला मी तसं कबूलच केलंय.

आशय

⁂

कारेलीबाग, बडोदे
११ नोव्हेंबर २००३

आशय,

ती ओळ छापू नकोस. हे पत्र मिळताच छापखान्यात सांग, मग पुढचं वाच.

ह्यांना झालं ते जरासं नव्हतं. उजवी बाजू पूर्ण गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. वाचता येत नाही, लिहिता येत नाही, कुणाचं नाव आठवत नाही. दोनच शब्द उरले आहेत, "झालं का?" भूक लागली तरी तेच, दुखलं तरी तेच, मी खोलीत आले तरी तेच. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की आता बरे आहेत, कारण मला कुणाचं "अरेरे" ऐकायचं नव्हतं. एकदा सांगितलं की पुढे तेच सांगत राहावं लागतं. फोन आला की मी हे आंघोळीला गेलेत म्हणते. इतक्या आंघोळी कुणी करत नाही, पण कुणी विचारलं नाही.

मग तुझं पत्र आलं. ह्या दोन वर्षांत प्रत्येकाने मला विचारलं की ते कसे आहेत. ह्यांना म्हणून कुणी काही विचारलं ते तूच. ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. आमरसापाशी ते हसल्यासारखे वाटले. वाटले म्हणते, खात्रीने सांगत नाही. 'त्यांना आता जमत नाही' असं लिहायला कागद घेतला होता. ते लिहवेना. म्हणून चित्रं टांगली आणि मीच बघितली.

दाढी मी म्हटली. थेंबांची बाटली मी म्हटली. नाव पाण्यात घालायचं मीच. लग्न झाल्यापासून ती दोरी माझ्याच डोक्यावर होती, पोळ्या लाटता लाटता मी हजार लेबलं उलटी पाहिली असतील. जेवताना हे विचारायचे, कसं वाटतं? मी म्हणायचे, तो हिरवा फार ओरडतो. मग दुसऱ्या दिवशी हिरवा कमी होऊन यायचा. त्यात मला कधी काही वेगळं वाटलं नाही, घरात चालतंच तसं. पण सयाजीगंजला त्या स्टुलावर बसले तेव्हा वाटलं. त्या रात्री 'हे म्हणतात' असं लिहिताना मला ह्यांचा राग आला. आजारी माणसाचा राग. इतकी दमले आहे मी, आशय, की तो राग लपवायचीही ताकद उरलेली नाही.

एक मात्र माझं नाही. ती मुलगी उतरते कशी, ते ह्यांचं. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. संध्याकाळी मी ह्यांना खाली बाकावर नेते. डावा पंजा भिंतीला, भार मागच्या पायावर, आणि लुळा पाय हवेत पायरी शोधत खाली जातो. मी एक पायरी पुढे, उलटी, ह्यांच्याकडे तोंड करून. जिन्यातला दिवा नेहमीच गेलेला, म्हणून टॉर्च ह्यांच्या पायाशी धरते. तुमच्या कागदावरची मुलगी पाहिली आणि चीड आली, हिला काही होत कसं नाही म्हणून. तेच मी लिहिलं.

चित्र दोरीवर अजून उलटंच आहे. ते सरळ करायचं काम ह्यांचं, मी कधी हात लावलेला नाही. तेवढं तरी तुला खरंच लिहिलं होतं.

उत्तरायणाला यायचं की नाही ते तू ठरव. खोटं नाव मात्र छापू नकोस. ह्यांना ते आवडलं नसतं, आणि मलाही नाही.

वसुंधराकाकू

⁂

पुणे
२४ नोव्हेंबर २००३

काकू,

छपाई थांबवली. तुझं पत्र वाचून आधी मी खूप चिडलो. दोन महिने मी सगळ्यांना 'माझे काका म्हणतात' असं सांगत फिरत होतो. मग लाज वाटली. पुण्याहून बडोदं एका रात्रीवर आहे आणि मी दोन वर्षांत आलो नाही. आंघोळीचं मला खरं वाटायचं, कारण खरं वाटून घेणं सोयीचं होतं.

निरुपमाला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, पहिल्याच पत्रात मला कळलं होतं की ह्या बाईंनी कुणाला तरी जिना उतरवलाय. मला मात्र नाही कळलं. मी त्यात फक्त काकांना शोधत होतो.

चित्र आहे तेच राहील. ओळ बदलली आहे. काय लिहिलंय ते तुला विचारत बसत नाही, छापून आल्यावर बघ. उत्तरायणाला नेमकं दुकानांत खोकी पोचवायचं काम निघालंय, त्यामुळे तेव्हा जमत नाही. पण येतो मी, आणि काकांनी ओळखलं नाही तरी चालेल.

आशय

⁂

कारेलीबाग, बडोदे
१८ जानेवारी २००४

चि. आशय,

खोकं उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी आलं. गच्चीवर पतंग काटणाऱ्या पोरांचं "काप्यो छे" चालू होतं, आणि आमच्या गॅलरीत कुणाचा तरी मांजा अडकला होता तो मी सोडवत होते. कुरियरवाल्याला तसंच उभं ठेवलं.

आधी मागची बाजू वाचली. 'मुखपृष्ठ पाहिलं: वसुंधरा फणसे. पायरी दाखवली: दिनकर फणसे.' माझं नाव छापलेलं मी लग्नपत्रिकेनंतर आता पाहिलं. तिथे तर ते बदलून छापलं होतं. अक्षर फार बारीक घेतलंत, भिंगाने वाचावं लागलं, पुढच्या वेळी वाढवा. विमलबेनना दाखवलं. त्यांना मराठी वाचता येत नाही असं त्या म्हणतात, पण माझं नाव त्यांनी बरोबर वाचलं.

मग दोरीवरचं जुनं चित्र उतरवलं आणि खोकं टांगलं. जड आहे, दोन चिमटे लागले. रीतीप्रमाणे उलटं. ह्यांना खुर्चीत बसवलं आणि पानं वाढली.

हे जेवेनात. डाव्या हातातला घास हातातच राहिला. मान वर करून ते बघत होते, पायऱ्यांकडे की मुलीकडे की नुसतं रंगाकडे, मला कळलं नाही, आणि आता कधी कळणारही नाही. मी वाट बघितली. खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं की हे उठतील. वरणावर साय धरली तरी मी बघत होते.

हे उठले नाहीत. नेहमीसारखंच म्हणाले, "झालं का?"

मी हात धुतले. स्टूल घेतलं, चिमटे काढले आणि खोकं सरळ लावलं. मागे वळून पाहिलं नाही, एवढ्या वर्षांची धास्ती. वळले तेव्हा हे माझ्याकडेच बघत होते. चित्राकडे नाही, माझ्याकडे.

परत म्हणाले, "झालं का?"

दोन वर्षं मी ह्याला उत्तर दिलेलं नाही, कारण काय विचारताहेत तेच कळायचं नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं. पण मी म्हटलं, "हो. झालं."

मग हे जेवले. थंड वरण मी पुन्हा गरम केलं.

होळीच्या आत येऊन जा. संध्याकाळी ये, म्हणजे ह्यांना खाली न्यायची वेळ असते. टॉर्च तू धर.

तुझी काकू,
वसुंधरा